चावीताईकडे ठेवलेलं जग

फोन वाजला तेव्हा चावीताईच्या यंत्रात एक चावी अर्धी कापून झाली होती. एरवी चावी यंत्रात असताना ती फोनकडे ढुंकूनही बघत नसे. हात जरा हलला की दाते चुकतात, आणि दाते चुकलेली चावी फेकून देण्यापलीकडे कशाच्याच कामाची नसते. पण फोनवर वहिनीचं नाव दिसलं आणि तिनं यंत्र बंद न करताच तो कानाला लावला.

"वन्सं, रिपोर्ट आला," वहिनी म्हणाली. "काही नाही निघालं. साधी गाठ होती. डॉक्टर म्हणाले, आता घरी जा आणि निवांत झोपा."

चावीताई म्हणाली, "बरं." मग जरा वेळानं पुन्हा म्हणाली, "बरं." मग खाली बघितलं तर यंत्रानं चावीचं अख्खं पातं खाऊन टाकलं होतं.

काउंटरपलीकडे एक आजोबा वाट बघत उभे होते. त्यांनी वाकून बघितलं. "माझ्या कपाटाची का ती?"

"तुमची शाबूत आहे, आजोबा. नवी मेली. दुसरी करून देते."

"रडताय का? काही वाईट?"

"चांगली बातमी आहे हो. म्हणून तर हात सुटला."

फोन अजून चालूच होता. वहिनीचा आवाज पुन्हा आला. "आणि ऐका. रविवारी हे खेळायला येणार म्हणतायत. पाटीवर लिहून दाखवलं, एवढ्या मोठ्या अक्षरांत. आता भिंतीवर लिहायचे तेवढे बाकी राहिलेत."

चावीताईनं डोळे पुसायला उचललेला हात तिथेच राहिला. इतके दिवस छातीवर बसलेला दगड आत्ता कुठे खाली उतरला होता, आणि त्याच्या मागे दडून बसलेला एक छोटा खडा आता दिसायला लागला होता. तिचा दादा बरा होता. दादा येणार होता. आणि दादाचं जग तिनं सांभाळलं होतं ते कसं, हे आता दादाला कळणार होतं.

चावीताईचं दुकान म्हणजे दोन मोठ्या दुकानांच्या मध्ये राहिलेली फट. वडिलांनी तिथे काम केलं, मग तिनं केलं. एका भिंतीवर आकड्यांना लटकलेल्या कोऱ्या चाव्या, दुसऱ्या भिंतीवर जुनी कुलपं, आणि मागे पडदा सारला की एक बऱ्यापैकी खोली. पितळेचा वास तिच्या बोटांतून कधीच जात नसे. लोकांची दारं उघडून देणं हेच तिचं काम. घाईत दार ओढून घेतलेल्या नव्या नवऱ्या, चावी गटारात पाडलेले साहेब, आत गॅसवर दूध आणि बाहेर आपण अशी पळत आलेली माणसं. सगळ्यांना ती एकच सांगे, "दार मोडायचं नाही. जरा दमानं."

असं आठवडाभर दमानं घेतल्यावर रविवारी दुपारी ती एक दार कुऱ्हाडीनं फोडत असे. खेळात.

हा खेळ म्हणजे पटावर सोंगट्या सरकवण्याचा खेळ नव्हे. टेबलाभोवती चार माणसं बसतात. त्यातला एक सूत्रधार. तो सांगतो, तुम्ही एका जंगलात आहात, समोर एक पडका मनोरा आहे, आतून गुरगुरण्याचा आवाज येतोय. बाकीचे सांगतात की आपलं पात्र काय करतं. कुणी योद्धा असतो, कुणी जादूगार, कुणी चोर. जमेल की नाही अशी शंका असली की वीस बाजूंचा फासा टाकायचा. जिंकणं नाही, हरणं नाही. गोष्ट पुढे जाते, एवढंच. वहिनीच्या शब्दांत सांगायचं तर, "चार म्हातारी होत आलेली माणसं फासे टाकून राक्षसाशी भांडतात आणि माझी बिस्किटं संपवतात."

चौघांपैकी तिघे सूत्रधार होते आणि तिघांची तीन जगं होती. आलटून पालटून ती खेळली जात. चावीताईचं स्वतःचं जग नव्हतं. ती तिन्हीकडची पाहुणी. पण पाहुण्यालाच घराघरांतला फरक जास्त कळतो. तो तिला दारांवरून कळे.

औषधवाल्या काकांच्या जगाचं नाव काळदरी. काकांचं कोपऱ्यावर औषधांचं दुकान आणि जन्म मिलिग्रॅममध्ये गेलेला. त्यांच्या जगात दार म्हणजे संकट. दाराला कुलूप, कुलपात विषारी सुई, सुई चुकवली तर उंबऱ्याखाली खड्डा. दोर किती हात आणलाय, दिव्यात तेल किती उरलंय, पाठीवर ओझं किती, सगळ्याचा हिशेब. जखम झाली की ती चिघळते. मरणारा माणूस एकदम मरत नाही, आधी त्याला ताप येतो. तिथला राक्षससुद्धा उगाच डरकाळ्या फोडत नाही. तो अंधारात बसून तुमचं तेल संपायची वाट बघतो. काळदरीत चावीताई कुऱ्हाडवाली योद्धा असे. "काका, मी सुई बघत नाही, कुलूप बघत नाही. मी दार फोडते." काका चष्म्यावरून बघत. "फोड. पण आवाज होईल." आणि आवाजाला कुणीतरी यायचंच. तरी घाम फुटलेल्या तळहातांनी त्या जगातून जिवंत बाहेर पडलं की घरचा साधा चहासुद्धा अमृतासारखा लागे.

गाणंबाईंच्या जगाचं नाव सप्तमहाल. त्या मुलांना गाणं शिकवत आणि बोलताना हातानं ताल धरत. त्यांच्या जगात दोर, तेल असल्या वस्तू कधी कुणाला लागल्याच नाहीत. तिथे सगळे रेशमात. दार उघडायचं तर मनातलं खरं बोलावं लागे. "या दारापुढे तुझ्या पात्रानं कबूल करायचंय, की त्यानं भावाचा विश्वासघात का केला." आणि काका, सत्तर हात दोर घेऊन आलेले काका, घसा खाकरत म्हणत, "मी... मला त्याचा हेवा वाटत होता." फासे क्वचितच पडत. तलवारीनं कुणी मरत नसे, शापानं आणि विरहानं मरत, आणि मरताना बराच वेळ बोलत. तिथे प्रत्येक भिकारी हा हरवलेला राजा असे. पहिल्यांदा चावीताईला हसू यायचं. पण एकदा सप्तमहालातून निघताना काका पायऱ्यांवर थांबले आणि त्यांनी दूर राहणाऱ्या आपल्या भावाला फोन लावला. तेव्हापासून ती हसली नाही.

आणि दादाचं जग, आडवाट.

दादानं उभा जन्म बस चालवली होती. आडवाटेत खजिने नव्हते, महाल नव्हते. रस्ते होते. एका रस्त्याला दुसरा फुटायचा, वळणावर कुणीतरी भेटायचं, चार गोष्टी सांगायचं आणि आपल्या गावी उतरून जायचं. दारं सगळी उघडी. आत डोकावलं की कुणीतरी म्हणे, "या, बसा. कुठून आलात?" राक्षस होते, पण त्यांचीही काही अडचण असे. एकाचा दात दुखत होता, एकीला गुहेत करमत नव्हतं. दादा प्रत्येकाचा आवाज वेगळा काढी. सराई चालवणारी म्हातारी नाकात बोले, पुलावरचा नाकेदार शब्दाशब्दाला जांभई देई, आणि सगळ्यांचं सामान वाहणारं सावकाश नावाचं खेचर अशा काही सुरात खिंकाळे की एकदा शेजारून माणूस विचारायला आला होता. आडवाटेत कित्येक वर्षांत कुणी मेलं नव्हतं. काका म्हणत, "दादा, तुमच्या जगात काही धोकाच नाही." दादा म्हणे, "काका, मी तीस वर्षं भरलेली बस घाटातून नेली. रविवारी पुन्हा धोका कशाला?"

उघड्या दारांच्या त्या जगात एकच दार बंद होतं. सराईच्या बाहेरच्या जिन्याखालचं, निळं, कमरेएवढं. कुणी विचारलं की दादा फक्त भुवया उडवी.

मग दादाचा आवाज बसायला लागला. आधी नाकेदाराची जांभई गेली, मग म्हातारीचं नाक गेलं. तपासलं तर घशात गाठ. कापून काढायची, मग तपासायला पाठवायची, आणि त्यानंतर बरेच दिवस तोंडातून शब्द काढायचा नाही. आवाज परत येईल का, कसा येईल, डॉक्टर सांगत नव्हते. गाठीत काय निघेल, हे तर कुणी तोंडानं उच्चारतच नव्हतं.

जायच्या आदल्या दिवशी दादा दुकानात आला. कोऱ्या चाव्यांवरून बोट फिरवत राहिला. चाव्या वाजल्या.

"ए चावी," तो घोगऱ्या आवाजात म्हणाला, "आडवाट बंद पाडू नका. तू चालव."

"मी? दादा, मला सूत्रधार व्हायला येत नाही. काकांना सांग. बाईंना सांग."

"ते आपापलं घर आणून ठेवतील तिथे. तू फक्त सांभाळ. शेजाऱ्याचं घर सांभाळतात तसं. झाडांना पाणी, एखादी खिडकी उघडायची. बास."

"मग निदान मला सांग तरी काय काय आहे ते. कुठे लिहिलंयस का?"

"लिहितो कशाला? रस्ता काय लिहून ठेवतात?" तो हसला, मग खोकला. "आणि हे बघ, मला मध्ये काही सांगायचं नाही. तिथे काय झालं, कोण आलं, कोण गेलं, काही नाही. मी परत येऊन स्वतः चालत जाऊन बघणार. आपल्याच गावी पाहुणा म्हणून कधी गेलो नाही मी."

तो "परत येऊन" म्हणाला तेव्हा दोघांनीही एकमेकांकडे बघितलं नाही. चावीताईला कळलं, हे जग तिच्याकडे का ठेवलं जातंय ते. परत यायला एक जागा असावी म्हणून.

आणि इथेच तिच्या हातून ती चूक झाली. चावी बनवणाऱ्या माणसाच्याच हातून होईल अशी.

तिनं सगळ्याला कुलूप लावलं.

पहिल्या रविवारी दुकानामागच्या खोलीत तिघं बसली. दादाचं स्टूल मोकळं होतं. चावीताई शेजारच्या खुर्चीवर बसून सांगू लागली. तिच्या डोक्यात एकच होतं, दादाचं काही बिघडता कामा नये. काही हलता कामा नये.

"आम्ही पुलावर जातो," काका म्हणाले.

"पूल बंद आहे. दुरुस्ती चाललीय."

"नाकेदाराशी बोलते मी," बाई म्हणाल्या.

"तो गावाला गेलाय."

"मग सराईत परत जाऊ. म्हातारीला विचारू."

"सराईला कुलूप आहे. म्हातारी देवळात गेलीय."

"दात दुखणाऱ्या राक्षसाकडे?"

"त्यानं गुहेला दगड लावून घेतलाय. झोपलाय."

काकांनी फासा टेबलावर ठेवला. "ताई, तुमच्या राज्यात संचारबंदी आहे का?"

"रस्त्यावर फिरा ना," चावीताई कावरीबावरी होऊन म्हणाली. "हवा छान आहे."

दोघांची पात्रं अख्खी दुपार बंद दारांपुढून हवा खात फिरली. शेवटी बाईंना जांभई आली, आणि ती नाकेदाराची नव्हती, खरी होती.

पुढच्या वेळी काका म्हणाले, "ताई, एक रविवार मला द्या. जरा हलवतो." तिला इतका सुटल्यासारखा आनंद झाला की ती लगेच हो म्हणाली. काकांनी आडवाटेत पाऊल ठेवलं आणि पहिल्यांदा विचारलं, दिव्यात तेल किती आहे? आडवाटेत कुणी दिवा घेऊनच हिंडत नव्हतं. मग अंधार पडला. मग काकांनी विचारलं, खेचराला काय चारलंत? कुणाला माहीत नव्हतं. "मग ते वाटेतला पाला खाणार," काका म्हणाले, "आणि पाला कसला आहे ते फासा ठरवेल." फासा चावीताईनंच टाकला. एक आला. वीस बाजूंपैकी नेमका एक.

सावकाशला ताप भरला. काकांनी तापाचं वर्णन इतकं अचूक केलं की बाईंनी पदर डोळ्याला लावला. मग अजून एक फासा, मग अजून एक. आडवाटेत कित्येक वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी मेलं.

काका स्वतःच हबकले होते. "म्हणजे... नियमाप्रमाणे तसंच होतं हो," ते हळूच म्हणाले. "पण नियम काळदरीचा होता, नाही का?"

"दादाला काय सांगू मी?" चावीताई म्हणाली. "झाडांना पाणी घालायला सांगितलं होतं, मी खेचर मारलं."

"थांबा," गाणंबाई म्हणाल्या. त्यांच्या डोळ्यांत चमक आली होती, आणि ती चमक दिसली की सावध व्हावं हे चावीताईला खरं तर माहीत होतं. "पुढचा रविवार मला द्या. मी नीट करते."

बाईंनी नीट केलं ते असं. खेचराच्या अंत्ययात्रेला सगळी आडवाट लोटली. सराईवाली म्हातारी छाती पिटत पुढे आली आणि म्हणाली, हा माझा मुलगा. खेचराचं कातडं गळून पडलं आणि आत एक राजपुत्र, शापित, जिवंत, केस जरा विस्कटलेले. म्हातारी ही परागंदा राणी निघाली. तिचं नाकातलं बोलणंही शापामुळेच होतं. मायलेक बराच वेळ बोलले. काकांनी चष्मा काढून डोळे पुसले. चावीताईनंही पुसले. घरी जाताना मात्र तिच्या लक्षात आलं की आडवाटेत आता सराई चालवायला कुणी नाही, सामान वाहायला कुणी नाही, दिव्याचं तेल रोज संपतं आणि पूल अजून बंदच आहे.

त्या दिवसांत ती दादाकडे जाई तेव्हा तो पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडलेला असे. गळ्याला पट्टी, उशाशी पाटी. रिपोर्ट यायचा होता. तिला वाटे, सगळं सांगून टाकावं, निदान त्याला हसू येईल. तिनं एकदा "दादा, ते आडवाटेतलं" एवढंच म्हटलं, तर त्यानं वळून बोट हलवलं. सांगायचं नाही. मग पाटी घेऊन लिहिलं, "दार उघडं आहे ना?" ती "हो" म्हणाली. आणि घरी येईपर्यंत तो "हो" तिला टोचत राहिला.

तर आता गाठ साधी होती आणि रविवार उजाडला होता.

वहिनीनं दादाला हाताला धरून आणलं. तो बराच वाळला होता, पण हसत होता. वहिनी पडदा सारून म्हणाली, "हे घ्या तुमचं सामान. बोलू द्यायचं नाही. दिवसातून पाच शब्द कुजबुजायची परवानगी आहे, त्यातला एक सकाळी मीठ मागण्यात गेलाय."

काकांनी उठून त्याचा हात हातात घेतला आणि नाडी बघितल्यासारखा धरून ठेवला. बाईंनी पाठीवरून हात फिरवला. चावीताईनं दादाचं स्टूल पुढे केलं. दादानं मान हलवली आणि तिची खुर्ची ओढून घेतली. स्टुलाकडे बोट दाखवलं. तू बस.

ती बसली. वडिलांचं ते जुनं स्टूल, एक पाय जरा आखूड. तिनं घसा खाकरला.

"तू आडवाटेच्या वेशीवर आहेस. संध्याकाळ होत आलीय. तू कोण आहेस?"

दादानं पाटीवर लिहिलं, "मुका वाटसरू." आणि डोळा मारला.

मुका वाटसरू पुलाशी गेला. पूल बंद. तो सराईशी आला. सराईला कुलूप. दादाच्या कपाळावर एक आठी उमटली, मग तिच्याशेजारी दुसरी. वहिनी जायला निघाली होती ती दारातच टेकून उभी राहिली. दादानं खडू घेतला आणि लिहिलं, "सावकाश कुठे आहे?"

काका चष्मा पुसू लागले. बाई छताकडे बघू लागल्या.

"दादा," चावीताई म्हणाली, "सांगायचं नव्हतं, तू म्हणाला होतास. पण आता तू तिथेच आलायस, तर सांगायलाच हवं. सावकाश मेला. माझ्या हातून फाशात एक पडला."

दादानं खडू खाली ठेवला.

"पाल्यात विष होतं," काका घाईनं म्हणाले. "माझी चूक. मी तेलाचाही हिशेब लावला."

"पण तो मेला नाहीये खरं तर," बाई त्याहून घाईनं म्हणाल्या. "तो राजपुत्र होता. म्हातारीचा मुलगा. म्हणजे राणीचा. ते निघून गेले, दादा. मी त्यांना पाठवलं. फार सुंदर प्रसंग झाला होता."

दादानं खाली मान घातली. खांदे हलायला लागले. वहिनी दोन पावलं पुढे आली, "अहो, काय होतंय?" दादानं तोंडावर हात दाबून धरला होता आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मग त्यानं हात जरासा काढला, आणि त्यातून नव्या कानशीवर जुनी चावी घासावी तसा आवाज आला.

"राजपुत्र?" तो कुजबुजला. "सावकाश?"

तो हसत होता. आवाज काढायचा नाही म्हणून आतल्या आत हसत होता, आणि ते आवरत नव्हतं. आधी काका हसले, मग बाई, मग चावीताईला हसताना रडू आलं की रडताना हसू, कुणास ठाऊक. "दोन शब्द गेले," वहिनी म्हणाली, पण तिचाही पदर तोंडाशी होता.

गाणंबाई कान देऊन ऐकत होत्या. "सूर खाली आलाय, दादा," त्या म्हणाल्या. "पण लागलाय बरोबर."

"म्हणजे तू रागावला नाहीस?" चावीताईनं विचारलं.

दादानं पाटी पुसली, लिहिलं, "मी नसताना तुम्ही येत होतात ना?"

"येत होतो. दर रविवारी."

"मग झालं," त्यानं लिहिलं. आणि मग खडूनं पाटीच्या कोपऱ्यात एक छोटं दार काढलं. जिन्याखालचं. त्यावर बोटाच्या सांध्यानं टकटक केलं.

चावीताईनं मान हलवली. "दादा, ते दार मला नाही ठाऊक. बाकी सगळं मी कसंबसं केलं, पण त्याच्यामागे काय आहे ते तुझ्याशिवाय कुणाला माहीत नाही. मी त्याला हातही लावला नाही."

दादानं लिहायला खडू उचलला, मग ठेवून दिला. पुढे वाकला. वहिनीकडे बघून एक बोट वर केलं, परवानगी मागितल्यासारखं, आणि कुजबुजला, "मलाही."

"काय मलाही?"

त्यानं पाटीवर लिहिलं. "मलाही माहीत नाही. काही सुचलं नाही म्हणून बंद ठेवलं होतं."

"इतकी वर्षं?" काका ओरडले. "दादा, मी त्या दारापायी तीन वेळा हत्यारं आणलीयत!"

दादानं पुन्हा टकटक केलं. चावीताईकडे बघत.

तिच्या मनातलं ओझं एकदम कुठे गेलं ते तिला कळलं नाही. इतके दिवस ती एका भरलेल्या घराची राखण करतेय असं समजत होती, आणि घरमालकानंच एक खोली रिकामी ठेवली होती. ती डोळे मिटून क्षणभर त्या दारापुढे उभी राहिली, जशी रोज कुणाच्या ना कुणाच्या दारापुढे उभी राहते. हातानं चाचपलं.

"कुलूप नाहीये," ती म्हणाली. "कधीच नव्हतं. लाकूड ओलीनं फुगलंय, इतकंच. खांद्यानं जरा दाब."

दादानं हवेत खांदा दाबला.

"आत एक अरुंद खोली आहे. माझ्या दुकानाएवढी. भिंतीवर आकडे आहेत आणि आकड्यांना चाव्या. पुलाची, सराईची, गुहेवरच्या दगडाची, नाकेदाराच्या घराची. आडवाटेत जे जे बंद झालं त्या सगळ्याची. एका स्टुलावर एक बाई बसलीय. ती म्हणते," इथे तिचा आवाज आपोआप जरा वेगळा निघाला, नाकातला नाही, जांभईचा नाही, तिचा स्वतःचाच एक, "ती म्हणते, 'या, बसा. कुठून आलात? हे सगळं तुम्ही येईपर्यंत सांभाळायला सांगितलं होतं. काहीकाही बिघडलंय. पण चाव्या सगळ्या आहेत. घ्या.'"

बाहेर कुणीतरी दुकानाची घंटी वाजवली आणि कुणी नाही असं बघून निघून गेलं. दादा पाटीकडे बघत राहिला. मग त्यानं लिहिलं, "मी एकच घेतो. पुलाची. बाकीच्या तुझ्याकडेच राहू देत."

"सगळ्या?"

त्यानं मान डोलावली. मग हळूच स्टुलाकडे बोट केलं, आणि तिच्याकडे. त्यात दुःख नव्हतं. पाहुणा होऊन बघायचंच त्याला आवडायला लागलं होतं, हे त्याच्या चेहऱ्यावर सरळ दिसत होतं.

"पुलाच्या चावीचं वजन किती?" काकांनी विचारलं.

"काका!" बाई म्हणाल्या.

"विचारलं नुसतं. उचलणार कोण? खेचर तर राजपुत्र झालं."

वहिनीनं खांद्यावरची पिशवी उतरवली आणि कोऱ्या चाव्यांचं एक खोकं ओढून त्यावर बसली. आजवर ती या खेळाला कधी बसली नव्हती. "चालू द्या," ती म्हणाली. "पूल उघडतो का ते बघून जाते."

मुका वाटसरू चावी घेऊन निघाला. चावीताईनं सांगितलं, पूल अजून बराच लांब आहे, रात्र सरून उजाडतंय, रस्ता मोकळा आहे. दादा थांबला. त्या दिवसाचा त्याचा शेवटचा शब्द अजून शिल्लक होता. हवेत स्टिअरिंग धरल्यासारखे हात करून तो त्यानं तिच्या कानाशी येऊन खर्च केला.

"बस?"

"नाही रे," चावीताई म्हणाली. "पण वळणावर थांब जरा. कुणीतरी येतंय."